आपल्या माघारी उसाचे काय, शेअरचे काय?



वार्षिक सर्वसाधारण सभेचे कामकाज सुरू होते ते श्रद्धांजलीच्या ठरावाने. सालभरात जे सभासद निवर्तले त्यांच्यासाठी आपण सारे दोन मिनिटे उभे राहतो, ठराव मंजूर होतो आणि मग सभा ताळेबंदाकडे वळते. त्या दिवंगत सभासदांपैकी कितीजणांचा शेअर वारसाच्या नावे झाला, कितीजणांच्या सातबाऱ्यावर मुलाबाळांची नावे चढली, ह्याची चौकशी सभेत कुणी करीत नाही. ती घरची बाब समजली जाते. घरची ती आहेच. परंतु घरात लोंबकळत पडली की तिचा धागा सोसायटीच्या सचिवाच्या टेबलापर्यंत, गट ऑफिसपर्यंत आणि आपल्या शेअर्स विभागापर्यंत येऊन पोचतो. निवडणुकीच्या मतदार यादीत मयतांची नावे निघतात ती ह्यामुळेच.

म्हणून ह्या वेळचा पाठ लागणीचा किंवा खोडव्याचा नाही. आपण गेल्यावर आपली जमीन, पाणी, ऊस, शेअर आणि कर्ज कुणाकडे व कसे जाते, आणि ते सुरळीत जावे म्हणून हयातीत काय करावयाचे, ह्याचा हा पाठ आहे. हा विषय काढला की घरची मंडळी म्हणतात, "कशाला असलं अभद्र बोलायचं?" पण विम्याचा हप्ता भरताना कुणाला अभद्र वाटत नाही. मग कागदावर चार ओळी लिहिताना का वाटावे?

आधी उभ्या उसाचेच उदाहरण घेऊ. समजा, जुलैत आडसाली लागण केली आणि पुढच्या साली सप्टेंबरात घरधनी गेला. ऊस चौदा महिन्यांचा, उभा. घरात सुतक आहे म्हणून ऊस थांबत नाही. दिवाळीच्या पुढे-मागे तोड येणारच. नोंद घरधन्याच्या नावाची. बिल जाणार घरधन्याच्या खात्यावर. बँकेला मृत्यू कळला की त्या खात्यातून पैसे काढणे थांबते. आता थोरला म्हणतो बिल माझ्या खात्यावर टाका, धाकटा म्हणतो त्याच्या. कारखान्याने ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. पण ते द्यायचे कुणाला हेच घरात ठरले नसेल तर कारखाना तरी काय करणार? तिकडे सोसायटीचे पीककर्ज मार्चअखेर भरले गेले नाही म्हणजे व्याजाची सवलत जाते. खोडव्याला खत घालायला पैसा नाही. एका माणसाच्या जाण्याने एक हंगाम नव्हे, दोन हंगाम बसतात. आणि हे होते ते कुणी वाईट वागले म्हणून नव्हे. घरधनी कधी बोललाच नाही म्हणून.

न लिहिता गेलो तर कायदा काय करतो

पुष्कळांचा समज असा की मृत्युपत्र नसेल तर जमीन आपोआप मुलांना मिळते. मुलांना म्हणजे मुलग्यांना. हा समज चुकीचा आहे. हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे आणि त्यात पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर पहिल्या वर्गातील वारस सर्वांच्या आधी येतात. त्यात मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि मयताची आई ही मुख्य. आधी वारलेल्या मुलाची बायको-मुले व आधी वारलेल्या मुलीची मुले हीही आपापल्या वडिलांच्या अगर आईच्या जागी येतात. आई ह्या यादीत आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते. ओसरीवर बसलेली म्हातारी आपल्या मेलेल्या लेकाची बरोबरीची वारस असते. वडील मात्र पहिल्या वर्गात नाहीत.

हिशेब करून पाहू. एका सभासदाची वडिलोपार्जित जमीन ५ एकर, म्हणजे २०० गुंठे. घरात तो, पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. आई-वडील हयात नाहीत असे धरू. तो वारला की कायदा असे मानतो की मरणापूर्वी क्षणभर घरात वाटणी झाली. पाच वाटे, प्रत्येकी ४० गुंठे. त्याच्या वाट्याचे जे ४० गुंठे, ते पुन्हा पत्नी, दोन मुलगे व मुलगी ह्या चौघांत प्रत्येकी १० गुंठे. म्हणजे प्रत्येकाच्या पदरात ५० गुंठे. मुलीलाही पन्नासच.

आता त्याने स्वतःच्या कमाईतून १ एकर वेगळा विकत घेतला असेल आणि आई हयात असेल, तर ते ४० गुंठे पत्नी, दोन मुलगे, मुलगी व आई अशा पाचजणांत प्रत्येकी ८ गुंठे.

ह्या हिशेबात एक गोष्ट लपलेली आहे. मृत्युपत्राने माणूस स्वतःचे तेवढेच देऊ शकतो. वरच्या उदाहरणातला सभासद "माझी पाच एकर जमीन थोरल्याला" असे लिहून गेला तरी वडिलोपार्जितापैकी त्याच्या हाती होते ते फक्त ४० गुंठे. बाकीचे १६० गुंठे त्याचे नव्हतेच. तालुक्याच्या कोर्टात अशा मृत्युपत्रांवरून वर्षानुवर्षे तारखा पडतात, आणि वकिलाची फी उसाच्या बिलातून जाते. विकत घेतलेल्या एकराचे मात्र तो हवे ते करू शकतो.

वडिलोपार्जित कोणती आणि स्वतःची कोणती, हे दिसते तितके सोपे नाही. बापाकडून आली म्हणून प्रत्येक जमीन वडिलोपार्जित ठरत नाही. १९५६ नंतर वडील वारले आणि त्यांची स्वतःची जमीन मुलाच्या वाट्याला वारस म्हणून आली, तर ती त्या मुलाची स्वतंत्र मिळकत मानली जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८६ सालच्या निकालापासून हे पक्के झाले आहे. ही गाठ घरी बसून सुटणार नाही. जुने फेरफार उतारे काढावेत आणि जाणत्या वकिलासमोर ठेवावेत. तासाभराची फी पुढचा दहा वर्षांचा दावा वाचविते.

हे सारे हिंदू, बौद्ध, जैन व शीख सभासदांपुरते. मुस्लिम सभासदांचे वाटे शरियतप्रमाणे पडतात आणि मृत्युपत्राने वारसांच्या संमतीवाचून एक-तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही. ख्रिस्ती सभासदांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे.

लेकीचा हिस्सा

ह्या विषयावर गावात बोलणे टाळले जाते, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाप्रमाणे जन्मतः हक्क दिला, पण त्या वेळी ज्या अविवाहित होत्या त्यांनाच. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. लग्न झालेली असो वा नसो, मुलगी मुलाइतकीच हिस्सेदार झाली. "पण आमचे वडील तर २००५ च्या आधी वारले," असा वाद पुष्कळ वर्षे चालला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मिटविला: हक्क जन्माने आहे, तेव्हा वडील त्या तारखेला हयात असलेच पाहिजेत असे नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेल्या वाटण्या उकलता येत नाहीत. तोंडी वाटणी झाली होती, असे नुसते सांगून आता सहसा भागत नाही.

मग घरोघरी काय चालते? बाप गेला की दहाव्याला बहिणी जमतात. तेराव्याच्या आत तलाठ्यापुढे "मला हिस्सा नको" असा जबाब होतो, किंवा शंभर-पाचशेच्या स्टँपवर अंगठा घेतला जातो. भावाला वाटते काम झाले. कायद्याने ते झालेले नसते. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. तलाठ्यापुढच्या जबाबाने हक्क सुटत नाही. पूर्वी बहिणींची नावे सातबाऱ्याच्या 'इतर हक्कात' टाकून देण्याची रीत होती. त्यानेही त्यांचा मालकी हक्क गेलेला नाही. वीस वर्षांनी महामार्गाच्या भूसंपादनाची नोटीस येते, गुंठ्याला लाखांचा भाव निघतो, आणि ते जुने कागद बाहेर येतात. तेव्हा बहीण लोभी ठरते. खरे पाहता तिने काही नवीन मागितलेले नसते.

बहिणीने राजीखुशीने सोडले तर प्रश्नच नाही. पण खुशी खरी असायची तर बाप हयात असताना त्याच्यासमोर बोलणे व्हावे. बापाने लेकीला विचारावे, बाई, तुला जमीन हवी की तिच्या बदल्यात आणखी काही? पुष्कळजणींना जमीन कसायची नसते. माहेर तुटू नये एवढेच हवे असते. काहींना खरोखरीच गरज असते: नवरा गेलेला, सासरी थारा नाही. अशा लेकीला दहा गुंठे बागायत म्हणजे जगण्याचा आधार आहे. ज्या लेकीने लहानपणी आपल्याच उसात भांगलण केली, तिला तेराव्याच्या गर्दीत अंगठा मागणे हे शोभणारे नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

घरधनिणीविषयीही थोडे. १९९२ साली राज्य शासनाने लक्ष्मी मुक्ती योजनेखाली पतीच्या हयातीतच पत्नीचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची सोय केली. ज्यांनी हे केले त्यांच्या माघारी विधवेला कुणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. विधवेने पुनर्विवाह केला तरी पतीकडून आलेला तिचा हिस्सा जात नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

आणि जेथे दुसरे घर आहे, तेथे तर न लिहिता जाणे म्हणजे दोन्ही घरांना भांडण देऊन जाणे. पहिली पत्नी हयात असताना केलेले दुसरे लग्न बेकायदा, त्यामुळे त्या बाईला पत्नी म्हणून वारसा मिळत नाही. पण तिच्या मुलांना बापाच्या वाट्यात हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२३ रोजी हे पुन्हा स्पष्ट केले.

मृत्युपत्र कसे करावे

मृत्युपत्राला स्टँप लागत नाही. साधा कोरा कागद चालतो. हाताने लिहिलेले चालते, टंकलेले चालते. लागते ते एवढेच: करणारा सज्ञान व शुद्धीवर असावा, त्याने सही अगर अंगठा करावा, आणि किमान दोन साक्षीदारांनी ती सही पाहून त्याच्यासमोर आपल्या सह्या कराव्यात. दोनापैकी एक साक्षीदार कमी पडला तर बाकी सगळे बरोबर असूनही कागद व्यर्थ. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान निवडावेत. पुढे कोर्टात वेळ आली तर त्यांतल्या एकाला तरी उभे राहावे लागते, आणि ऐंशीच्या मित्राची साक्ष कुठून काढणार? ज्याला मृत्युपत्राने काही मिळणार आहे त्याला साक्षीदार घेऊ नये, म्हणजे संशयाला जागा राहत नाही. वय फार असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरचा दाखला जोडावा.

नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्यावी. दुय्यम निबंधकापुढे माणूस स्वतः हजर होता एवढे तरी त्याने सिद्ध होते. मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येते. शेवटचे तेच खरे. म्हणून तारीख घालायला विसरू नये, आणि "ह्यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द" हे वाक्य अवश्य असावे.

आता लिहायचे काय? येथे शहरातल्या नमुन्यांचा आपल्याला उपयोग नाही. त्यात फ्लॅट आणि बँकेची ठेव असते. ऊसवाल्याचे मृत्युपत्र जमिनीपेक्षा पाण्यावर आणि वाटेवर अडते.

आठ-अ चा उतारा समोर घ्यावा आणि गटवार चालावे. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, कुणाला उत्तरेकडचा तुकडा, कुणाला दक्षिणेकडचा. मग विहीर. विहीर कोणत्या गटात आहे, तिच्यात आपला हिस्सा किती, भावकीशी पाळी कशी ठरली आहे, आपल्या पाळीचे दिवस मुलांनी आपसांत कसे वाटावेत. मोटारीचे वीज कनेक्शन कुणाच्या नावे आहे. पाइपलाइन जमिनीखालून कुठून गेली आहे आणि कुणाच्या रानात तिचा व्हॉल्व्ह आहे. हे घरधन्याशिवाय कुणाला ठाऊक नसते; तो गेला की पाइप शोधायला चर खणावे लागतात. उपसा जलसिंचन संस्थेचा शेअर असेल तर तोही लिहावा. पाण्याशिवाय दिलेला वाटा म्हणजे नावाला वाटा.

त्यानंतर वाट. पाच एकराचे तीन तुकडे झाले की रस्त्याकडेचा एकाला मिळतो आणि आतला दुसऱ्याला. आतल्याचा ऊस बाहेर काढायचा कुठून? भाऊभाऊ बोलत असतात तोवर ट्रॅक्टर कुणाच्याही रानातून जातो. बोलणे बंद झाले की पुढच्याचा प्लॉट तुटल्याशिवाय मागच्याची ट्रॉली आत जात नाही, तोड पुढे जाते, उसाला तुरा येतो, वजन घटते. वहिवाटीची वाट अडविली तर मामलेदार कोर्ट कायदा १९०६ प्रमाणे तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण अडविल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ह्यापेक्षा "पूर्व बांधाने दहा फूट वाट तिघांची सामाईक राहील" ही एक ओळ बापाने लिहिली तर बरे.

तुकडे किती लहान करावयाचे ह्यालाही मर्यादा आहे. १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. २०२३ च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत बागायतीला १० गुंठे व जिरायतीला २० गुंठे असे किमान क्षेत्र ठरले. चार मुलांना तीस गुंठे बागायत वाटून देण्याऐवजी एकाला जमीन व इतरांना घर, ठेव अगर रोख, असा मेळ घालता आला तर तो घालावा.

काही सभासद म्हणतात, मृत्युपत्राची कटकट कशाला, जिवंतपणीच मुलांच्या नावे करून टाकू. वाटणी करायला हरकत नाही. संमती असेल तर महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडून ती होते. पण बक्षीसपत्राने सगळेच्या सगळे देऊन मोकळे होऊ नये. हात रिकामा झालेल्या म्हाताऱ्याला घरात भाकरी कशी मिळते हे आपण पाहतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात सांभाळ न केल्यास असे दस्त रद्द करण्याची तरतूद आहे. मात्र सांभाळाची अट दस्तात लिहिलेली असली पाहिजे, नाहीतर दाद मिळणे कठीण. निदान स्वतःच्या व पत्नीच्या पोटापुरते क्षेत्र शेवटपर्यंत आपल्या नावे ठेवावे.

शेअरचा नॉमिनी

कारखान्याच्या शेअरसाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चे कलम ३० आहे. सभासद वारला की संस्थेने शेअर नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे करावयाचा. नामनिर्देशन नसेल तर समितीला जो वारस किंवा कायदेशीर प्रतिनिधी वाटेल त्याच्या नावे. नामनिर्देशन नसले म्हणजे नोटीस लावून हरकती मागवाव्या लागतात, आणि एक जरी हरकत आली तरी प्रकरण अडकते. तोवर त्या शेअरवर मत नाही. सभासद म्हणून मिळणाऱ्या सवलतीही खोळंबतात. आपल्यापैकी अनेकांचे नामनिर्देशन शेअर घेतला त्या साली केलेले असते आणि त्यात आईचे किंवा चुलत्याचे नाव असते, जे आज हयातही नाहीत. नाव बदलता येते. शेअर्स विभागात अर्ज मिळतो. वारसाने सभासद होण्यासाठी पोटनियमांतल्या अटी, विशेषतः ऊस उत्पादक असण्याची, पुऱ्या कराव्या लागतात. म्हणून नॉमिनी असा नेमावा की जो पुढे ऊस लावणार आहे.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. हा गैरसमज फार पसरलेला आहे. बँकेतली ठेव नॉमिनीच्या हाती मिळते, पण ती वारसांच्या वतीने; मृत्युपत्र असेल तर त्याप्रमाणे, नसेल तर कायद्याप्रमाणे ती वाटली गेली पाहिजे. कंपन्यांच्या शेअरबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले. विम्यात मात्र २०१५ पासून फरक आहे: आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले ह्यांना नॉमिनी केले असेल तर विम्याची रक्कम त्यांचीच होते. बँकेच्या ठेवीला १ नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत नॉमिनी लावता येतात व प्रत्येकाचा हिस्साही लिहिता येतो. मृत्युपत्रात एक नाव आणि नॉमिनीत दुसरे, असे ठेवू नये. त्यानेच निम्मी भांडणे होतात.

मागे राहिलेल्यांनी काय करावे

मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करावी व दाखल्याच्या चार-पाच प्रती घ्याव्यात. त्यानंतर वारस नोंद. महसूल कायद्याच्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) कळवावयाचे असते. अर्ज, मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे असलेले शपथपत्र. गाव नमुना ६-क ह्या वारस नोंदवहीत नोंद होते, मंडळ अधिकारी चौकशी करतात, मग फेरफार पडतो, नोटीस निघते, हरकत नसेल तर तो मंजूर होऊन सातबाऱ्यावर नावे येतात. अर्ज आता ई-हक्क प्रणालीवरूनही करता येतो. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. पण उशीर झाला की वारसांपैकीही कुणी वारतो आणि यादी लांबते. आजोबांचे नाव सातबाऱ्यावर आणि नातवांची संख्या बावीस, असे उतारे आपल्या भागात कमी नाहीत. अशांसाठीच १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर जिवंत सातबारा मोहीम सुरू करण्यात आली.

ज्यांच्या उताऱ्यावर अजून 'ए. कु. मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर अशी थोरल्या भावाची एकट्याची नोंद आहे, त्यांनी सर्व हिस्सेदारांची नावे लावून घ्यावीत. फेरफार हा मालकीचा अखेरचा पुरावा नाही हे खरे. पण सोसायटीचे कर्ज, शेतकरी ओळख क्रमांक, पीक नुकसानीची मदत हे सारे नावावर पाहून मिळते. पी. एम. किसानसाठी तर १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर आलेला शेतकरी अपात्र ठरतो, तो अपवाद फक्त वारसाने आलेल्या जमिनीला.

कर्जाविषयी भीती असते म्हणून सांगतो. वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मिळकतीपुरतीच असते. मुलाच्या नोकरीच्या पगारावर बापाचे पीककर्ज बसत नाही. जमिनीवरचा बोजा मात्र जमिनीबरोबर येतो. सोसायटीत जाऊन कर्ज वारसांच्या नावे वळते करून घ्यावे, म्हणजे ते थकीत होत नाही.

उभ्या उसासाठी गट ऑफिसला ताबडतोब कळवावे. सर्व वारसांनी मिळून एकाच्या खात्यावर बिल जमा करण्याचे संमतिपत्र दिले तर ऊस बिल अडून राहण्याचे कारण उरत नाही. मयताचे कार्ड वापरून खात्यातून पैसे काढण्याचा मोह टाळावा. पुढे तेच भावाभावांत चोरीचे प्रकरण होते.

मृत्युपत्र केल्यावर ते कुठे ठेवावे, हे पुष्कळजण विचारतात. तिजोरीत ठेवले आणि किल्ली कुणालाच ठाऊक नाही, असे होऊ नये. जिल्हा निबंधकाकडे सीलबंद पाकिटात ते ठेवता येते. घरी ठेवावयाचे तर सातबारा, आठ-अ, खरेदीखते, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचे व बँकेचे पासबुक, विम्याची पॉलिसी आणि वीज बिल ह्यांच्याबरोबर एकाच फायलीत ठेवावे. फाईल कुठे आहे हे पत्नीला आणि एका मुलीला सांगून ठेवावे. मुलग्यांना तर सांगालच.